आधी काच

स्वयंपाकाच्या टेबलावर तिहोमीरनं
ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चार भोकं पाडली.
पत्र्याचा कीस माझ्या पावाच्या पिठात.
मी गप्प.
एकोणचाळीस वर्षं संसार केल्यावर बाईला
कुठल्या भोकापायी भांडावं, एवढं कळतं.

टेबलाखाली पुतण्याचा पॉवर अँप आहे.
ल्युबिशा श्टुटगार्टला गेला तेव्हा मागं राहिला:
सगळा ट्रान्झिस्टरचा, काळ्या पंखांचा,
दोघांनी मिळून उचलावा असा.
ताकद आहे त्याच्यात. पण बोलतो कसा,
तर पेन्शन कचेरीतल्या कारकुनासारखा:
एकही शब्द चुकत नाही
आणि एकही आपला वाटत नाही.

"याच्यापुढं व्हॉल्व्हचा प्रीअँप हवा," तिहोमीर म्हणतो.
"जोर त्याचा, जीभ आपली."

व्हॉल्व्ह आहेत. पोटमाळ्यावर, बुटांच्या खोक्यात, बावीस.
ज्या हिवाळ्यात नोटेवर शून्यं मावेनात
त्या हिवाळ्यात कारखान्यानं आम्हाला
आम्हीच केलेला माल पगार म्हणून वाटला.
निशच्या बाजारात दिवसभर उभी राहिले.
चार व्हॉल्व्हला एक कोबी.
बाकीचे कुणी घेईना.

मी जाळीवर होते.
केसाहून बारीक तार, भिंगाखाली, वेढ्याला वेढा,
शिंक आली तर गिळायची.
डोळ्यांनी तिथंच राजीनामा दिला.
कानांनी नाही.

तो एक हात खिशात ठेवून मोजतो,
रेल्वेच्या सिग्नलवर लागलेली सवय.
अडीचशे व्होल्ट.
"दुसरा हात मोकळा असला," म्हणतो,
"की तोही काहीतरी धरायला जातो."
शेवटच्या व्हॉल्व्हला त्यानं वाढवायचं काम दिलेलं नाही,
आलेलं नीट पुढं पोचवायचं, बस.
आणि त्याच्यापुढं एक पिवळा कपॅसिटर,
सूर जाऊ देतो, व्होल्ट अडवतो.
माझ्या आणि सासूच्या मध्ये
असा एखादा कुणी असता, तर.

तीन रात्री नुसती घरघर.
तारा सोडल्या, जोडल्या, पिळल्या, शिव्या दिल्या.
चौथ्या रात्री कळलं, अर्थिंग दोन ठिकाणी होतं.
एक तार कापली
आणि खोली इतकी शांत झाली
की शेजारच्या व्रानाचं खोकणं ऐकू आलं.

मग आधी काच, मग सिलिकॉन.
हा क्रम मोडायचा नाही.
व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर थांबायचं,
नाहीतर जागा होताना तो जो दणका देतो
तो पैलवान इमानेइतबारे
शंभरपटीनं स्पीकरवर घालतो.
त्या मिनिटात आम्ही बोललो नाही.
काचेत एक नारिंगी रेघ उजळत गेली.

तबकडी लागली, आणि खरंच,
कारकून कुठं गेला कोण जाणे.
गाणाऱ्या बाईनं श्वास घेतला तो
इथं, पिठाच्या परातीपाशी.

तेवढ्यात माझ्या हातून चमचा पडला.
फरशीवर एकदा.
स्पीकरातून पुन्हा: टिंग.

तिहोमीरनं माझ्याकडं पाहिलं.
मी पेन्सिल घेतली, एकेका काचेवर हलकेच वाजवली.
तिसरा. जाळी सैल.
माझी असेल, रादोयकाची असेल,
काचेवर नावं नसतात.
पण फोरमन घरी बसवायच्यांची यादी वाचत होता
त्या आठवड्यात आमचे हात काय विणत होते
हे मला विचारू नका.

"राहू दे का?" तो म्हणाला. "आठवण म्हणून."
"बदल," मी म्हटलं.
"तेव्हाच नापास व्हायला हवा होता."

बंद करताना उलट. आधी पैलवान, मग काच.
तरीही पत्र्याखाली काही वेळ
ते व्होल्ट तसेच बसून राहतात.
"इतक्यात हात घालू नकोस," तो म्हणतो.
मी कशाला घालतेय.
मी पीठ पुन्हा चाळायला घेतलंय,
कीस अजून निघतोच आहे.